दादासाहेब फाळके यांची अंधारी खोली

आज मी तुम्हाला दादासाहेब फाळके यांची माहिती सांगणार आहे. त्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतात. पण त्यांनी आपला पहिला मोठा चित्रपट घरातच धुतला, हे पुष्कळ जणांना माहीत नसते. चित्रपट धुतात म्हणजे काय करतात, तेही मी पुढे सांगणार आहे.

दादासाहेबांचे पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील संस्कृतचे मोठे पंडित होते. पण धुंडिराजला चित्रकलेची फार आवड. म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे ते फोटो काढायला शिकले. नुसते काढायलाच नाही, तर फोटो धुवायला आणि छापायलासुद्धा.

पुढे त्यांनी गोध्रा येथे फोटोचे दुकान घातले. त्या काळी लोक कॅमेऱ्याला भ्यायचे. फोटो काढला की आयुष्य कमी होते असे त्यांना वाटायचे. त्यातच प्लेगची साथ आली. त्या साथीत दादासाहेबांची पत्नी आणि मूल वारले. त्यांना फार दुःख झाले आणि त्यांनी ते गाव सोडले.

१९०२ साली त्यांचे दुसरे लग्न झाले. या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. दादासाहेबांनी काही दिवस पुरातत्त्व खात्यात फोटो काढायची नोकरी केली. मग ती सोडून लोणावळ्याला छापखाना काढला. पण भागीदाराशी पटले नाही, म्हणून तोही सोडला.

१९११ च्या सुमारास मुंबईला गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनाचा चित्रपट पाहिला. पाहता पाहता त्यांच्या मनात आलं, की पडद्यावर आपले राम आणि कृष्ण का दिसू नयेत? झालं! त्या दिवसापासून त्यांना दुसरे काही सुचेना. ते रोज चित्रपट बघायचे आणि घरी येऊन मेणबत्ती व भिंग घेऊन भिंतीवर चित्रे पाडायचे. झोप नाही, आराम नाही. शेवटी त्यांचे डोळे गेले. त्यांना दिसेनासे झाले. डॉक्टरांनी औषधपाणी केले आणि नशिबाने दृष्टी परत आली. दुसऱ्या कोणी हा नाद सोडला असता. दादासाहेबांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ साली ते लंडनला गेले. तिथे चित्रपट कसा तयार करतात ते पाहिले आणि हाताने फिरवायचा विल्यमसन कॅमेरा विकत घेतला.

आता फिल्म धुणे म्हणजे काय ते सांगतो. फिल्म ही एक लांब पट्टी असते. तिच्यावर चांदीच्या क्षारांचा थर असतो. त्यावर उजेड पडला की चित्र उमटते, पण ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पट्टी आधी एका औषधात बुडवतात. मग चित्र दिसू लागते. नंतर ती हायपो नावाच्या औषधात बुडवतात. मग चित्र पक्के होते. नंतर स्वच्छ पाण्यात खूप वेळ धुऊन वाळवतात. त्या काळी लांब फिल्म लाकडी चौकटीला गुंडाळून धुवत असत. पाणी गरम असले तर थर मऊ होऊन सुटतो. म्हणून पाणी गार लागते. पट्टीवर चित्र उलटे येते. पांढरे ते काळे आणि काळे ते पांढरे. मग त्यावरून दुसरी पट्टी छापली की बरोबर चित्र मिळते.

हे काम अंधाऱ्या खोलीत करावे लागते. त्या काळच्या फिल्मला लाल दिवा चालायचा, पण बाहेरच्या उजेडाची बारीक फट राहिली तरी सगळी फिल्म काळी पडायची.

दादासाहेबांनी हे सर्व काम सरस्वतीबाईंना शिकवले. परदेशातून येणाऱ्या कोऱ्या फिल्मला कडेची भोके नसायची. भोके नसली तर कॅमेऱ्यात पट्टी पुढे सरकत नाही. सरस्वतीबाई अंधारात बसून यंत्राने ती भोके पाडायच्या. औषधे मिसळायच्या आणि फिल्म धुवायच्या.

आधी दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा लावला. त्याला अंकुर फुटून वेल कसा वाढतो, याची त्यांनी बरेच दिवस थोडी थोडी चित्रे घेतली. ती पडद्यावर लावली तेव्हा वेल भराभर वाढताना दिसला. हा चित्रपट पाहून मोठ्या चित्रपटासाठी कर्ज देणारे मिळाले. तरी पैसे पुरेनात. तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले.

मग दादरला 'राजा हरिश्चंद्र' सुरू झाला. तारामतीचे काम करायला एकही बाई तयार होईना. शेवटी खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदासाचे काम दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र याने केले. वांगणी गावी मंडळी गेली तेव्हा त्यांच्या तलवारी पाहून गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले आणि त्यांना अडवून ठेवले, असे सांगतात. दिवसा सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री फिल्म धुवायच्या. विचार करा, घरातले दागिने, लोकांचे कर्ज आणि सर्वांची दिवसभराची मेहनत रात्री त्या अंधाऱ्या खोलीत पाण्यात असायची! एक चूक झाली की सगळे गेले.

पण तसे झाले नाही. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला. तो सुमारे ३७०० फूट लांब होता. एका फुटात १६ चित्रे बसतात. आम्ही वर्गात फळ्यावर गुणाकार केला, तर ५९,२०० चित्रे झाली! आता आपण मोबाइलवर फोटो काढतो आणि लगेच बघतो. तेव्हा धुतल्याशिवाय काहीच कळत नसे.

पुढे दादासाहेब नाशिकला राहू लागले. त्यांनी नव्वदहून जास्त चित्रपट काढले. १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये साळुंके यांनीच राम आणि सीता या दोघांचीही कामे केली. १९१९ च्या 'कालिया मर्दन' मध्ये दादासाहेबांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. १९३१ पासून बोलपट आले आणि मूकपट मागे पडले. शेवटी दादासाहेबांच्या हातात पैसा राहिला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते वारले.

१९६९ सालापासून भारत सरकार चित्रपटाचा सर्वांत मोठा पुरस्कार दादासाहेबांच्या नावाने देते. सरस्वतीबाईंचे नाव मात्र फार थोड्या लोकांना माहीत आहे. 'राजा हरिश्चंद्र' च्या चार रिळांपैकी आज थोडाच भाग उरला आहे. पण जेवढा उरला आहे, तेवढा बघताना आपण दोघांचीही आठवण काढली पाहिजे, असे मला वाटते. कॅमेऱ्याची मूठ दादासाहेबांच्या विचाराने फिरली, पण अंधारात ते चित्र सांभाळले सरस्वतीबाईंच्या हातांनी.