डायनामाइटवाल्याचा कॅमेरा

आपल्या जालना जिल्ह्यात आल्फ्रेड नोबेलची ओळख पुरस्काराआधी विहिरीवर होते. मुरूम संपून काळा खडक लागला की ब्लास्टिंगवाले येतात. त्यांचं जिलेटिन हा नोबेलचाच 1875 चा शोध. (आता कांडीत नायट्रोग्लिसरीन नसतं, नाव मात्र तेच राहिलंय.)

त्याचा जन्म 21 ऑक्टोबर 1833 चा, स्टॉकहोममधला. त्याच वर्षी वडिलांचं दिवाळं निघालं. पुढे रशियात जाऊन ते नौदलासाठी सुरुंग बनवू लागले, त्यामुळे स्फोटकं घरचीच. 1864 मध्ये स्टॉकहोमजवळच्या कारखान्यात स्फोट झाला आणि धाकटा भाऊ एमिल गेला. वय वीस, म्हणजे अगदी आपल्याएवढं. दुसऱ्या कुणी प्रोजेक्ट तिथेच बंद केला असता. नोबेलने मात्र नायट्रोग्लिसरीन सुरक्षित कसं करायचं याचाच ध्यास घेतला. एका सच्छिद्र मातीत ते जिरवलं आणि 1867 मध्ये डायनामाइटचं पेटंट मिळवलं.

पण मला खरा आवडतो तो म्हातारा नोबेल. साठीत त्याने बोफोर्स (हो, तोफांवाली तीच!) विकत घेतली. उंगे नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या रॉकेट-प्रयोगांना पैसे पुरवले. हृदयविकार जडला होता, आणि डॉक्टरांनी औषध काय द्यावं? नायट्रोग्लिसरीन! अशा अवस्थेत 1896 मध्ये त्याने आणखी एक पेटंट मागितलं: रॉकेटने कॅमेरा वर न्यायचा, पॅराशूटने खाली येताना जमिनीचा फोटो घ्यायचा. कशासाठी, तर नकाशे आणि जमिनीची मोजणी. आयुष्यभर जमीन फोडायची साधनं विकणाऱ्या माणसाला शेवटी ती वरून बघावीशी वाटली, याचं मला फार नवल वाटतं.

10 डिसेंबर 1896 ला इटलीत सान रेमोला तो वारला. त्या कॅमेऱ्याने कार्ल्सकोगा गावाचे फोटो काढले गेले 1897 मध्ये. त्याला काही ते दिसले नाहीत.

पुढे जर्मनीच्या आल्फ्रेड माऊलने कॅमेरा गरगरू नये म्हणून रॉकेटमध्ये जायरोस्कोप बसवला. मग विमानं आली आणि रॉकेट-कॅमेरा मागे पडला. छंद म्हणून रॉकेट उडवणारे आजही त्यात चिमुकला कॅमेरा ठेवतात, पॅराशूटही तसंच उघडतं. आणि मोजणीचं म्हणाल तर 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणं मोजायला ड्रोन आले.