गाडीत करंट आणणारा ‘बॉस केट’

बाइकला एलईडी बार, कारला फॉग लाइट... गाडीच्या वायरिंगला हात लावण्याआधी, ते वायरिंग गाडीत आणणाऱ्या चार्ल्स केटरिंग यांची ही गोष्ट वाचाच!

पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलात की गाडीला लावायला काय मिळत नाही? एलईडी बार, फॉग लाइट, रंगीत पट्ट्या, हॅलोजन काढून त्या जागी बसवायचे एलईडी बल्ब. वायरमन सीटखालून दोन वायरी ओढतो, बॅटरीला जोडतो, स्विच बसवतो आणि गाडी नाइट राइडला तयार! हे इतकं सोपं वाटतं, कारण गाडीत बॅटरी असणार आणि ती आपोआप चार्ज होत राहणार, हे आपण धरूनच चालतो.

पण १९१० च्या आसपास बहुतेक गाड्यांमध्ये असं काही नव्हतं. दिवे असायचे, पण रॉकेलचे नाहीतर कार्बाइडच्या गॅसवरचे. खाली उतरून काडी ओढून ते पेटवायचे. इंजिन सुरू करायला गाडीच्या पुढे उभं राहून लोखंडी हँडल मारावं लागायचं. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट नाहीतर जबडा मोडलाच म्हणून समजा. हे चित्र बदलण्यात ज्यांचा सगळ्यात मोठा वाटा आहे, ते म्हणजे चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग.

डोळे अधू, हातात वायर

चार्ल्सचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावरचा. पाच भावंडांपैकी हा चौथा. लहानपणापासून नजर कमजोर. जास्त वाचलं की डोकं ठणकायचं. तरी शिकायची हौस दांडगी. शाळा संपल्यावर काही काळ त्याने मास्तरकी केली आणि मग ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. पण डोळ्यांनी दगा दिला आणि कॉलेज अर्ध्यात सुटलं.

मग हा पोरगा गेला टेलिफोन लाइन टाकणाऱ्या टोळीत. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. डोळ्यांना आराम मिळाला आणि विजेशी दोस्ती झाली. याच कामाच्या दिवसांत टेलिफोन ऑपरेटर ऑलिव्ह विल्यम्स भेटली. पुढे १९०५ मध्ये दोघांचं लग्न झालं. त्याआधी कॉलेजात परत जाऊन १९०४ मध्ये चार्ल्सने इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची डिग्री मिळवली. तेव्हा वय सत्तावीस. आजच्या हिशोबाने बरेच ‘ड्रॉप’ घेतलेला विद्यार्थी!

गल्ल्याच्या मोटारीतून सुचलेला स्टार्टर

पहिली मोठी नोकरी डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र तेव्हा हाताने दांडा फिरवून चालायचं. केटरिंग यांनी त्याला विजेची मोटर बसवली. इथे त्यांना एक गोष्ट नीट कळली. गल्ल्याच्या मोटरला दिवसभर फिरायचं नसतं. क्षणभर जोर लावायचा आणि थांबायचं. म्हणजे मोटर लहान असली तरी चालते. थोडा वेळ तिच्यावर क्षमतेपेक्षा जास्त भार टाकला तरी ती जळत नाही, कारण तापायला तिला वेळच मिळत नाही.

त्याच कंपनीतले एडवर्ड डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात केटरिंग आणि त्यांचे सोबती ऑफिस सुटल्यावर काम करायला लागले. सुरुवात झाली मोटारीच्या इग्निशनपासून. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांना ते पसंत पडलं आणि १९०९ मध्ये ‘डेल्को’ कंपनी सुरू झाली. हँडलचा झटका बसून लेलंड यांच्या ओळखीतल्या एका माणसाचा जीव गेला आणि त्यानंतर त्यांनी सेल्फ स्टार्टरचा ध्यास घेतला, अशी कथा आजही सांगितली जाते.

इंजिन फिरवू शकेल अशी विजेची मोटर गाडीत मावणारच नाही, असा अनेकांचा समज होता. केटरिंग यांना मात्र गल्ल्याची मोटर आठवत होती. इंजिन सुरू करायला काही सेकंदच तर लागतात. तेवढा वेळ लहान मोटरला ताणलं तर काय बिघडतं? १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हा स्टार्टर आला.

त्यातली खरी कमाल स्टार्टरच्या पुढची होती. इंजिन सुरू करणारी मोटरच नंतर जनरेटर बनून बॅटरी चार्ज करायची. त्याच बॅटरीवर इग्निशन आणि दिवे चालायचे. म्हणजे घरखर्चासारखा सगळा एकच हिशोब. जनरेटरची कमाई, बॅटरीची बचत आणि बाकी सगळा खर्च. आज जनरेटरऐवजी अल्टरनेटर आहे, पण मूळ हिशोब तोच.

मग आपला एलईडी बार कुठे बसतो?

याच हिशोबात, खर्चाच्या बाजूला. १२० वॉटचा बार १२ व्होल्टवर लावला तर साधारण १० अँपिअर करंट ओढतो. हेडलाइटचा ६० वॉटचा हॅलोजन घेतो ५ अँपिअर. म्हणजे एका बारमध्ये दोन हॅलोजन आले. एलईडी करंट खातच नाही, हा समज त्यामुळे चुकीचा. तेवढ्याच उजेडासाठी तो कमी खातो, एवढंच.

स्टार्टर शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. पण तो जाड केबलवर आणि काही सेकंदच चालतो. दिवा तासन्‌तास जळतो. सेकंदभर सहन होणारा भार तासभर बारीक वायरवर टाकला की वायर तापते, वरचं प्लास्टिक वितळतं आणि शॉर्टसर्किट होऊन गाडी पेटू शकते. केटरिंग यांनी ज्या ‘थोड्या वेळाच्या’ सवलतीवर स्टार्टर बनवला, ती सवलत दिव्याला नाही.

म्हणून जुन्या हेडलाइटची वायर सोलून त्यावरच बार जोडणं टाळायचं. बॅटरीपासून भाराला पेलेल अशी वेगळी वायर घ्यायची आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवायचा. फ्यूज मुख्यतः दिव्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. स्विचमधून सगळा करंट न नेता रिले लावायचा. स्विचने फक्त रिलेला इशारा द्यायचा, मोठा करंट रिले सांभाळतो. अर्थिंग गंज किंवा रंग नसलेल्या धातूवर घट्ट करायचं. बाइकची चार्जिंग यंत्रणा तर कारपेक्षा बरीच लहान असते. तिथे आधी हिशोब मांडायचा, मग खरेदी. नाहीतर ट्रेकहून परतताना धक्का स्टार्ट ठरलेलाच!

नव्या गाड्यांमध्ये कोणता दिवा किती करंट घेतो, हे कॉम्प्युटर बघत असतो. एलईडीने कमी करंट घेतला की बल्ब गेला असं समजून तो डॅशबोर्डवर इशारा देतो. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर भराभर लुकलुकतात, तेही याच कारणामुळे.

इंजिन बरं झालं, हवा बिघडली

पुढे केटरिंग जनरल मोटर्समध्ये गेले आणि १९२० ते १९४७ अशी २७ वर्षं तिथल्या संशोधन विभागाचे प्रमुख राहिले. सगळे त्यांना ‘बॉस केट’ म्हणायचे. अपयशही आलं. पाण्याऐवजी तांब्याच्या पंखांनी थंड होणारं त्यांचं इंजिन शेवरलेटने १९२३ मध्ये आणलं आणि लगेच परत मागवलं.

पण या माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड पान वेगळंच आहे. तेव्हा इंजिनात ‘नॉकिंग’ व्हायचं, म्हणजे पेट्रोल भलत्या वेळी पेटून ठोके पडायचे. केटरिंग यांच्या हाताखालच्या थॉमस मिजली यांनी डिसेंबर १९२१ मध्ये उपाय शोधला. पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळायचं. ठोके थांबले. अल्कोहोल मिसळूनही ठोके कमी होतात, हे त्यांच्या प्रयोगशाळेला माहीत होतं. पण शिसं अगदी थोडं पुरायचं आणि त्यावर पेटंटही मिळत होतं. १९२४ मध्ये एथिल कंपनी निघाली. तिचे पहिले अध्यक्ष खुद्द केटरिंग.

शिसं विषारी आहे, हे तेव्हाही ठाऊक होतं. त्याच वर्षी न्यू जर्सीत हे संयुग बनवणाऱ्या कारखान्यात विषबाधेने पाच कामगार मेले. विक्री काही काळ थांबली, चौकशी झाली आणि १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यानंतर कित्येक दशकं जगभरातल्या शहरांमध्ये मुलांनी शिशाची हवा श्वासात घेतली. भारतात शिसंमिश्रित पेट्रोल २००० साली बंद झालं. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला.

केटरिंग वाईट माणूस होते, असं म्हणता येत नाही. त्यांनी आणि आल्फ्रेड स्लोन यांनी १९४५ मध्ये न्यूयॉर्कला कॅन्सर संशोधन संस्था उभी करायला हातभार लावला. ती आजही नावाजलेली आहे. १८० हून जास्त पेटंट त्यांच्या नावावर आहेत. पण शिशाच्या बाबतीत त्यांनी इंजिनाचा प्रश्न सोडवला आणि इंजिनाबाहेरच्या माणसांचा सोडून दिला.

समोरून येणाऱ्याचं काय?

२५ नोव्हेंबर १९५८ ला केटरिंग डेटनला गेले. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी अमेरिकेत १९६२ मध्ये बनला. त्यामुळे आपल्या वायरिंगवर पुढे काय काय लटकवलं जाणार, हे त्यांनी पाहिलं नाही.

त्यांच्या आयुष्यातून दिवे लावणाऱ्यांनी उचलायचं ते दोन्ही बाजूंचं. गाडीची वीज हा एकच हिशोब आहे, ही त्यांची जमेची बाजू. स्वतःच्या गाडीपुरता विचार करणं, ही उणी बाजू. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवला की प्रकाशाचा उगम जागा बदलतो आणि उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी वर फाकतो. आपल्याला वाटतं मस्त दिसतंय, पण घाटातल्या वळणावर समोरच्या बाइकवाल्याला काही सेकंद काहीच दिसत नाही. समोरच्याला दिपवणारे दिवे कायद्यालाही मान्य नाहीत.

तेव्हा नवे लाइट लावलेत की संध्याकाळी एखाद्या भिंतीसमोर गाडी उभी करा, झोत खाली घ्या आणि मित्राला समोरून चालत यायला सांगा. तो डोळ्यांवर हात धरत असेल, तर लाइट अजून नीट बसलेले नाहीत!