फादर पेद्रो आरुपे : निर्वासितांचे सोबती

६ ऑगस्ट १९४५ ची सकाळ. जपानमधील हिरोशिमा शहराबाहेर नागात्सुका येथे येशूसंघाचे नवशिष्यालय होते. तेथील प्रमुख फादर पेद्रो आरुपे नेहमीच्या कामात होते. सव्वाआठच्या सुमारास डोळे दिपवणारा लखलखाट झाला आणि पाठोपाठ प्रचंड धमाका. दारे, खिडक्या, कौले, काचा सारे अंगावर आले. घर शहराच्या मध्यापासून काही किलोमीटरवर असल्याने आतल्या कोणालाही गंभीर इजा झाली नाही. टेकडीवर चढून पाहिले तर शहराच्या जागी आगच आग! हा अणुबॉम्ब आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार?

फादर आधी चॅपेलमध्ये गेले. थोडा वेळ गुडघे टेकून प्रार्थना केली आणि बाहेर आले ते घराचा दवाखाना करायचा, असे ठरवूनच.

त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९०७ रोजी स्पेनमधील बिल्बाओ शहरात झाला. चार बहिणींच्या पाठीवरचा हा एकुलता मुलगा. माद्रिदला डॉक्टरकीचे शिक्षण घेताना सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेतर्फे (ही संस्था आपल्याही अनेक धर्मग्रामांत आहे) ते गरीब वस्त्यांत जात. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. १९२७ साली हुशार पेद्रो शिक्षण अर्धवट सोडून येशूसंघात दाखल झाला, तेव्हा त्याचे प्राध्यापक फार हळहळले म्हणतात. पुढे १९३२ साली स्पेन सरकारने येशूसंघीयांना देशाबाहेर घालवले. बेल्जियम, हॉलंड, अमेरिका अशा परक्या देशांत त्यांना पुढचे शिक्षण घ्यावे लागले. १९३६ साली गुरुदीक्षा झाली आणि १९३८ साली ते जपानला गेले. ज्यांचे शव जुन्या गोव्यात आहे त्या संत फ्रान्सिस झेवियरांनी जेथे सुवार्ता सांगितली, त्याच यामागुचीत ते धर्मगुरू झाले. पण डिसेंबर १९४१ मध्ये महायुद्ध जपानपर्यंत पोहोचताच हेर असल्याच्या संशयावरून त्यांना महिनाभर तुरुंगात डांबण्यात आले. परागंदा होणे काय आणि परक्या मुलखात संशयाने पाहिले जाणे काय, दोन्ही त्यांनी सोसले होते.

तर अशा या अर्धवट डॉक्टरच्या दारी जळालेल्या माणसांची रांग लागली. कपाटात थोडे आयोडीन, ॲस्पिरिन आणि खाण्याचा सोडा, बस्स. शहरातील बहुतेक डॉक्टर मेलेले किंवा जखमी. तेवढ्यात एका शेतकऱ्याने घरात असलेले पोते आणून दिले. त्यात बोरिक ॲसिड होते, आपण कॅरमवर टाकतो तीच पावडर! चादरी व कपडे फाडून पट्ट्या केल्या, त्या बोरिकच्या पाण्यात भिजवून जखमांवर ठेवल्या. भूल देण्याचे औषध नव्हते. रुतलेल्या काचा व लाकडाचे तुकडे तसेच काढावे लागत. दीडशेच्या आसपास जखमी त्या घरात राहिले. त्यातले बहुतेक वाचले. जमवलेले अन्नही त्यांच्या बरे होण्याला कारण झाले असावे. शहरात जीवघेणा वायू पसरल्याचे सांगून लोक अडवत होते. तरीही मृतांना अग्नी द्यायला फादर व त्यांचे साथी तेथे गेलेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे चॅपेलमध्ये मिस्सा करताना ते लोकांकडे वळले. समोर जमिनीवर खेटून पडलेले जखमी होते. त्यातले बहुतेक ख्रिस्ती नव्हते. हे दृश्य ते जन्मभर विसरले नाहीत.

१९६५ साली ते येशूसंघाचे जनरल म्हणून निवडले गेले. व्हिएतनाममधून हजारो लोक मोडक्या होड्यांतून समुद्रात उतरत होते. कित्येक बुडाले, कित्येकांना किनाऱ्यावर कोणी उतरू देईना. १९७९ च्या नाताळात हे ऐकून फादर अस्वस्थ झाले. त्यांनी जगभरच्या सुमारे वीस प्रांतप्रमुखांना तारा पाठवून विचारले, तुम्हाला काय देता येईल? औषधे, पैसा, माणसे असे भराभर देकार आले. नागात्सुकाला कपाट उघडून पाहिले होते, तसेच हे. १४ नोव्हेंबर १९८० रोजी, आपल्या ७३ व्या वाढदिवशी, त्यांनी येशूसंघीय निर्वासित सेवा सुरू केली. तामिळनाडूतील छावण्यांत राहणाऱ्या श्रीलंकेच्या तमिळ मुलांच्या शिक्षणाचे काम पुढे याच सेवेने हाती घेतले.

६ ऑगस्ट १९८१ रोजी ते थायलंडमध्ये निर्वासितांसाठी झटणाऱ्या साथीदारांशी बोलले. हिरोशिमाला त्या दिवशी ३६ वर्षे झाली होती. दुसऱ्या दिवशी रोमच्या विमानतळावर उतरताच त्यांना पक्षाघात झाला. अनेक भाषा बोलणाऱ्या या माणसाला पुढे धड बोलताही येईना. १९८३ साली त्यांनी पद सोडले. जवळपास दहा वर्षे अंथरुणावर काढून ५ फेब्रुवारी १९९१ रोजी ते देवाघरी गेले. त्यांना संतपद मिळावे म्हणून २०१९ साली रोममध्ये चौकशी सुरू झाली.

रोममधील जेसू चर्चमध्ये त्यांची कबर आहे. चर्चला लागूनच्या गल्लीत, त्यांच्याच सांगण्यावरून १९८१ साली सुरू झालेले अन्नछत्र आहे. आफ्रिका व आशियातून आलेले निर्वासित तेथे जेवणासाठी रांगेत उभे राहतात.