यंत्राची नाडी ओळखणारे दादासाहेब

गोरेगावच्या डोंगरउतारावर पसरलेल्या चित्रनगरीला दादासाहेब फाळके यांचे नाव आहे. राज्य शासनाने १९७७ साली उभारलेल्या या नगरीचे नामकरण २००१ मध्ये झाले. आज अंधेरीसारख्या उपनगरात कॅमेरे आणि भिंगे भाड्याने मिळतात, बिघाड झाला तर तो काढून देणारे कारागीरही सापडतात. फाळके यांनी काम आरंभले तेव्हा यांपैकी काहीही नव्हते. यंत्र अडले तर दोष कुठे आहे, हे शोधणारा आणि तो दुरुस्त करणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे ते स्वतः. ‘राजा हरिश्चंद्र’चे दिग्दर्शक म्हणून ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्या चित्रपटामागे उभा असलेला कसबी यंत्रज्ञ मात्र फारसा कोणाच्या स्मरणात नाही.

कारागिरीचे धडे

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान; पण मुलाचा ओढा हाताच्या कामाकडे होता. १८८५ साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रण आणि छपाईच्या प्रक्रिया ते शिकले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला. परंतु प्लेगच्या साथीने पत्नी व मूल हिरावून नेले आणि तो संसार मोडला.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी सरस्वतीबाई पुढे त्यांच्या प्रत्येक उद्योगात बरोबरीने राबल्या. पुरातत्त्व खात्यात काही काळ नोकरी केल्यावर स्वदेशीच्या वाऱ्यात त्यांनी ती सोडली आणि लोणावळ्यात ठसे तयार करण्याचा व छपाईचा कारखाना काढला. तो पुढे दादरला आला. १९०९ मध्ये नवी यंत्रे व रंगीत छपाईचे तंत्र पाहण्यासाठी त्यांनी जर्मनीचा प्रवास केला. भागीदारांशी मतभेद झाले आणि हा धंदाही त्यांना सोडावा लागला. वयाच्या चाळिशीत हाती भांडवल नव्हते. होते ते एवढेच, की भिंग, रसायन आणि चक्र या तिन्हींची ओळख पक्की झाली होती.

डोळ्यांवरचे संकट

१९११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर राम-कृष्ण असेच हलताना दिसावेत, या कल्पनेने त्यांना झपाटले. दररोज चार-पाच तास चित्रपट पाहायचे आणि उरलेल्या वेळात त्या विषयावरील पुस्तके व यंत्रे घेऊन प्रयोग करायचे, असा क्रम सुरू झाला. झोप जवळजवळ नाहीशी झाली आणि डोळ्यांनी दगा दिला. दृष्टी इतकी अधू झाली की काम थांबवावे लागले.

ज्याला पडद्यावर चित्रे दाखवायची होती, त्यालाच दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर या नेत्रतज्ज्ञांनी उपचार केले आणि तीन-चार निरनिराळ्या चष्म्यांच्या साहाय्याने त्यांना पुन्हा कामाला लावले. चष्म्याच्या काचेचा मध्य बुबुळासमोर नेमका यावा लागतो; फ्रेमच्या मापाने कड घासताना तो जरा सरकला तरी डोळा शिणतो. कॅमेऱ्याच्या भिंगाचेही तसेच आहे. ते फिल्मपासून केसभर दूर गेले, तर चित्र पुसट होते. फाळके यांच्या आयुष्यात या दोन्ही काचा एकाच वेळी आल्या.

दृष्टी सावरताच त्यांनी बारा हजार रुपयांची विमा पॉलिसी गहाण ठेवून दहा हजार उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना यंत्रांच्या निवडीत सल्ला दिला आणि निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत प्रवेश मिळवून दिला. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडणारे यंत्र यांची मागणी नोंदवून ते १ एप्रिलला परतले.

दादरच्या घरातील कारखाना

यंत्रे मे महिन्यात मुंबईत आली. सोबत आलेल्या आराखड्यावरून फाळके यांनी चार दिवसांत कॅमेरा जोडला. खरी कसोटी त्यानंतर होती. कच्च्या फिल्मला भोके नसत. ती घरीच पाडावी लागत. प्रत्येक चौकटीच्या दोन्ही कडांना चार-चार भोके पडत. त्यांतील अंतर किंचित चुकले तरी कॅमेऱ्यातील आकडा फिल्मला नीट पकडत नसे आणि पडद्यावर चित्र थरथरत असे. हे काम अंधारात, स्पर्शाच्या जोरावर करावे लागे. सरस्वतीबाईंनी ते हस्तगत केले. भोके पाडणे, कॅमेऱ्यात फिल्म भरणे आणि रसायनात धुणे, ही कामे त्यांच्याकडे आली. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी. लय बिघडली की माणसे पडद्यावर धावू लागत किंवा रेंगाळत.

चित्र बिघडलेले निघाले तर दोष भिंगात, भोकांत, फिरवणाऱ्या हातात की रसायनात, हे एकेक गोष्ट वगळत शोधावे लागे. म्हणून फाळके यांनी आधी आसपासच्या मुलांची चित्रे घेऊन कॅमेरा तपासला. मग कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ थोड्या थोड्या अंतराने एकेक चौकट टिपून वेलाची वाढ चित्रित केली. या लघुपटाने यंत्राची पारख झाली आणि भांडवलही मिळाले. छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्यांना तो पाहून खात्री पटली.

सहा महिने २७ दिवस राबून ३७०० फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये झळकला. त्याच वर्षी फाळके यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलवले. १९१४ मध्ये लंडनला चित्रपट दाखवले गेले तेव्हा त्यांच्या तांत्रिक बाजूची प्रशंसा झाली. हेपवर्थ यांनी इंग्लंडमध्येच काम करण्याचे निमंत्रण दिले. ते त्यांनी नाकारले. चित्रपट कसे तयार होतात, हे दाखवणारा एक लघुपटही त्यांनी १९१७ साली काढला. जे स्वतः अंधारात चाचपडत शिकले, ते त्यांनी इतरांसाठी उघड केले.

हाताबाहेर गेलेले यंत्र

१९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. मात्र पैशाचे आणि कलेचे हिशेब जुळले नाहीत. कंपनी सोडून ते काशीला गेले. १९२२ मध्ये परतले, पण पहिली पकड पुन्हा आली नाही. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला आणि सारे पालटले. त्यांचा मूकपट ‘सेतुबंधन’ पूर्ण झाल्यावर त्याला आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट १९३७ मध्ये आला, तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. घरातल्या खोलीत एका कुटुंबाने सांभाळावे, असे ते यंत्र आता राहिले नव्हते. ध्वनिमुद्रक, संकलक, छायालेखक यांचे वेगवेगळे विभाग झाले होते. सगळे सुटे भाग ओळखणाऱ्या एका माणसाची त्या व्यवस्थेला गरज उरली नव्हती.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला. ‘राजा हरिश्चंद्र’ची मात्र पहिली आणि शेवटची रिळेच हाती उरली, ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केली. दादरच्या अंधाऱ्या खोलीत तयार झालेल्या पहिल्या पूर्ण चित्रपटाचा एवढाच भाग आज पडद्यावर पाहता येतो.