संत जॉन बॉस्को ह्यांची आनंदमंडळी

खेळ, नाटके व मंडळे ह्यांपायी मुलांचा अभ्यास बुडतो, असे म्हणणाऱ्या आपल्या धर्मग्रामातील पालकांनी ह्या ज्युबिलीच्या निमित्ताने संत जॉन बॉस्को ह्यांचे विद्यार्थिजीवन ध्यानी आणावे, अशी आमची विनंती आहे.

इटलीत तुरीन शहराजवळच्या खेड्यात १८१५ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा दोन वर्षांचा होण्यापूर्वीच पितृहीन झाला. किएरी गावी शिकत असता शिक्षणापायी त्यास कॉफीच्या दुकानात चाकरीही करावी लागली. तरी १८३२ साली त्याने सोबत्यांची 'आनंदमंडळी' स्थापिली. ख्रिस्ती माणसास न शोभणारे वर्तन करू नये आणि अभ्यास व धर्मकर्तव्ये चुकवू नयेत, एवढेच तिचे नियम. उदास राहणारास तेथे थारा नव्हता!

एकदा एक कसरतवाला ऐन उपासनेच्या वेळी खेळ मांडून मुलांस देवळापासून ओढू लागला. जॉनने त्यास धावणे, उडी मारणे, काठी तोलणे व झाडावर चढणे अशा चारही पैजांत जिंकिले. तो बिचारा सर्वस्व हरला. परंतु मंडळीस एक जेवण घालण्याच्या अटीवर जॉनने त्याचे पैसे परत केले. आम्हांस तर पैज जिंकण्याहून हे परत करणेच थोर वाटते.

१८४१ साली गुरुदीक्षा घेतल्यावर डॉन बॉस्को ह्यांनी तुरीनच्या निराधार मुलांत हीच रीत चालविली. प्रार्थनेसंगे खेळ, गायन व बँडही आले. तेथेच १८५६ साली दोमिनिक साव्हियो ह्या चौदा वर्षांच्या विद्यार्थ्याने निष्कलंक मारियेचे मंडळ काढिले. १८५९ साली सालेशियन संस्था जन्मास आली, तेव्हा तिच्या पहिल्या सभासदांत ह्याच मंडळातले तरुण होते.

डॉन बॉस्को १८८८ साली निवर्तले. १९३४ साली ख्रिस्तसभेने त्यांस संतपद दिले.