डॉ. होमी भाभा आणि कण मोजणारी नळी



शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनांत कॅम्प नंबर ४ मधील एका विद्यार्थ्यानें घरीं जोडलेलें गायगर-यंत्र मांडलें होतें. नळी विकतची, बाकी सारी जोडणी त्याच्या हातची. एका पालकांनीं विचारलें कीं, उन्हांतील जंबुपार, म्हणजे अतिनील, किरणांनीं हें यंत्र वाजेल काय? लागलीच तें अंगणांत नेलें. उन्हांत एका मिनिटांत २१ टिचक्या वाजल्या, सावलींत १६. मुलांनीं टाळ्या पिटल्या. परंतु पुढच्याच मिनिटास सावलींत २४ झाल्या! शेवटीं अर्धा अर्धा तास मोजून पाहिलें, तेव्हां दोहोंत म्हणण्यासारखा फरक उरला नाहीं. अशा नळ्यांशीं ज्यांचा संबंध आला, त्या डॉ. होमी जहांगीर भाभा यांची आठवण मला त्या दिवशीं झाली.

भाभांचा जन्म मुंबईस ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं एका सुविद्य पारशी कुटुंबांत झाला. शिक्षण कॅथेड्रल शाळेंत, एल्फिन्स्टन कॉलेजांत व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें झालें. मुलानें इंजिनियर होऊन टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यांत जावें, अशी वडिलांची इच्छा. मुलाचें मन मात्र गणित व पदार्थविज्ञानाकडे. वडिलांनीं अट घातली कीं, आधीं इंजिनियरिंगमध्यें पहिला वर्ग मिळव, मग हवें तें शीक. १९३० सालीं केंब्रिज येथें पहिला वर्ग मिळाला आणि वडिलांनीं शब्द पाळला. पुढें १९३७ मध्यें हाइटलर यांच्यासह त्यांनीं विश्वकिरणांतील एका कणापासून कणांचा वर्षाव कसा होतो, याचें गणित मांडलें व त्यांचें नांव सर्वत्र झालें.

१९३९ सालीं ते सुट्टीसाठीं घरीं आले असतां युद्ध पेटलें आणि परतणें राहून गेलें. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या छत्राखालीं ते काम करूं लागले. कागद-पेन्सिलीवर चालणारा हा मनुष्य तेथें प्रयोगाकडे वळला. परदेशाहून सामान येणें दुरापास्त; तेव्हां मोजणीच्या नळ्या तेथेंच बनविणें प्राप्त झालें.

ही नळी दिसावयास साधी. गायगर यांनीं तिचें पहिलें रूप १९०८ सालीं रदरफोर्ड यांच्यासह मँचेस्टर येथें सिद्ध केलें व १९२८ सालीं म्युलर या शिष्यासह तिला सुधारलें. आंत विरळ वायु, मधोमध बारीक तार, भोंवतीं धातूची भिंत, आणि दोहोंमध्यें सुमारें हजार व्होल्टचा दाब. एखादा कण आंतून गेला कीं वायूंतून विजेचा क्षणिक लोंढा वाहतो व एक टिचकी वाजते. गंमत अशी कीं, त्या लोंढ्यांतच जंबुपार प्रकाश उत्पन्न होतो. अशा प्रकाशानें धातूंतून विजेचे कण बाहेर पडतात. या गुणाची पहिली चाहूल हर्ट्झ यांना १८८७ सालीं लागली होती. म्हणजे एका खऱ्या टिचकीच्या पाठोपाठ खोट्या टिचक्यांची रांग लागावयाची! यावर तोड निघाली ती मद्यार्काच्या वाफेची. थोडीशी वाफ आंत भरली कीं ती हा प्रकाश शोषून घेते. बाहेरच्या जंबुपार किरणांस मात्र नळीची साधी काचच बव्हंशीं अडविते. शिवाय सूर्याचे जे किरण तांब्या-पितळेंतून कण उडवितील, ते वातावरणांतील ओझोनमुळें जमिनीवर पोंचतच नाहींत. आमच्या अंगणांतील प्रयोग फसला नव्हता, त्यानें बरोबर तेंच उत्तर दिलें होतें.

भाभांनीं अशा नळ्या एकीखालीं एक मांडून दुर्बीण केली. सर्व नळ्या एकाच क्षणीं वाजल्या तरच नोंद व्हावयाची. एकटीदुकटी नळी भलत्या कारणानें वाजली तर ती हिशेबांत नाहीं. मध्यें शिशाचे जाड ठोकळे ठेवले, म्हणजे केवळ भेदक कणच पार होतील. आतां हें ओझें आकाशांत न्यावयाचें कसें? युद्धामुळें बंगलोरास अमेरिकन हवाई दलाचीं विमानें होतीं. (आपल्या या कॅम्पांतील बराकीहि त्याच युद्धांत फौजेसाठीं उभ्या राहिल्या.) त्या विमानांतून यंत्र सुमारें तीस हजार फुटांवर गेलें आणि चुंबकीय विषुववृत्तानजीक भेदक कण किती येतात, याची मोजदाद १९४५ सालीं प्रसिद्ध झाली.

मधल्या काळांत कलकत्ता व अलाहाबाद येथून मानाच्या जागा आल्या होत्या. केंब्रिजची ओढ तर होतीच. भाभांनीं त्या जागा नाकारल्या आणि १२ मार्च १९४४ रोजीं टाटा विश्वस्तांस पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली. माझ्या मतें त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत धाडसाचें कृत्य हेंच. कारण त्या वेळीं हातीं ना इमारत होती, ना माणसें. संस्था १ जून १९४५ रोजीं बंगलोरास सुरू झाली व वर्षअखेर मुंबईस पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्यांत आली.

पुढील इतिहास सर्वपरिचित आहे: १९४८ चें अणुशक्ति मंडळ, ४ ऑगस्ट १९५६ रोजीं ट्रॉम्बे येथें सुरू झालेली अप्सरा भट्टी, १९६२ मध्यें उघडलेली कुलाब्याची इमारत. ते अविवाहित राहिले. चित्रें काढीत, पाश्चात्य संगीत मनापासून ऐकत. व्हिएन्ना येथील सभेस जात असतां २४ जानेवारी १९६६ रोजीं माँ ब्लाँ शिखरावर विमान कोसळून त्यांचा अंत झाला. वय अवघें छप्पन्न.

आमच्या विद्यार्थ्याची नळी अद्याप प्रयोगशाळेच्या कपाटांत आहे. रात्रीं, दिवे मालवून चालू केली तरी ती वाजतच राहते. त्यांतील कांहीं टिचक्या जमिनींतील व भिंतींतील द्रव्यांच्या. आणि कांहीं, छप्पर भेदून वरून येणाऱ्या, भाभांनीं विमानांतून मोजले त्याच जातीच्या कणांच्या.