रसिक राजाची विखुरलेली दौलत

मेळघाटातून वळणे घेत जाणारी मीटरगेज रेल्वे एकेकाळी अकोल्याला खंडव्यामार्गे इंदूरशी जोडत असे. त्यामुळे होळकरांची ही मराठी नगरी वऱ्हाडाला कधी परकी वाटली नाही. मात्र या नगरीच्या अखेरच्या सत्ताधीशाने जगातील एक अतिदुर्मिळ अमेरिकी मोटार बाळगली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. ते होते महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे).

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी इंदूरला झाला. मुंबईतील बावला खून प्रकरणाच्या वावटळीत वडील तुकोजीरावांना गादी सोडावी लागली आणि १९२६ मध्ये अवघ्या सतराव्या वर्षी त्यांना राजपद मिळाले. ऑक्सफर्डमधील शिक्षणानंतर १९३० मध्ये राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली.

जुन्या राजेशाही थाटापेक्षा नव्या युगाची यंत्रे आणि नवी कला यांची त्यांना ओढ होती. जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी माणिकबाग महाल उभारून घेतला. युरोपातील नामवंत कलावंतांनी घडविलेले फर्निचर त्यात मांडले. शिल्पकार ब्रांकुशी यांची अवकाशातील पक्ष्याची तीन शिल्पे खरेदी केली.

मोटारींच्या निवडीतही हीच दृष्टी होती. अल्फा रोमिओ, बेंटली यांसारख्या गाड्या त्यांच्याकडे होत्या. पण त्यांतील मुकुटमणी ठरली ती अमेरिकेची ड्युसेनबर्ग एसजे. १९३०च्या दशकाच्या मध्यास त्यांनी ती खास बनवून घेतली. चॅसिस आणि इंजिन अमेरिकेचे, तर बांधणी लंडनच्या गर्नी नटिंग यांची. लांबलचक बॉनेटखाली आठ सिलिंडरचे सुपरचार्जर इंजिन होते. त्याची शक्ती ३२० अश्वशक्ती असल्याचे कंपनी सांगत असे. त्याच सुमारास फोर्डची व्ही-८ मोटार ८५ अश्वशक्तीची होती, यावरून फरक ध्यानी यावा. अमेरिकेत १९६०च्या दशकात गाजलेल्या ज्या ‘मसल कार’साठी आज संग्राहक मोठ्या रकमा मोजतात, त्यांची ही जणू पूर्वजच. ड्युसेनबर्ग कंपनी १९३७ मध्ये बंद पडली आणि या मोटारींचे मोल वाढतच गेले.

त्याच वर्षी महाराणी संयोगितादेवींचे स्वित्झर्लंडमध्ये ऐन तारुण्यात निधन झाले. ब्रांकुशी यांच्या शिल्पांसाठी इंदुरात ध्यानमंदिर उभारण्याचा संकल्प होता. त्यासाठी ते स्वतः भारतात येऊन गेले, पण तो संकल्प तडीस गेला नाही. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि यशवंतराव त्या राज्याचे उपराजप्रमुख झाले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे संग्रहाची पांगापांग झाली. ब्रांकुशींचे दोन संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे, तर ब्राँझचा अमेरिकेतील पसाडेना येथे गेला. माणिकबागेतील वस्तूंचा १९८० मध्ये मोनॅकोत लिलाव झाला, तर महालात सरकारी महसुली कार्यालय थाटले गेले. ड्युसेनबर्ग अमेरिकी संग्राहकांच्या हाती गेली. २०१९ मध्ये या राजाच्या रसिकतेचे मोठे प्रदर्शन भरले तेही पॅरिसमध्ये.

संस्थानाच्या संपत्तीतून, म्हणजे अखेर रयतेच्या घामातून, जमलेले हे वैभव रयतेच्या वाट्याला आले नाही, ही खंत उरतेच. परंतु चित्राला दुसरी बाजूही आहे. होळकरांच्या आश्रयाने मूळचे नागपूरचे सी. के. नायडू इंदुरात बहरले आणि होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. यशवंतरावांच्या नावाचे विशाल सरकारी रुग्णालय आजही इंदूरमध्ये गोरगरिबांवर उपचार करते. जे त्यांनी स्वतःसाठी जमविले ते देशोदेशी विखुरले. जे लोकांसाठी उभे राहिले, तेवढेच इंदूरचे झाले.